बसणाऱ्यांची जागा : ऐतिहासिक बाजारपेठांच्या पुनर्रचनेची चिकित्सा (मीरा-भाईंदरच्या विशेष संदर्भात)

प्रास्ताविक

मराठीत बाजार ‘भरतो’ आणि ‘उठतो’. पेठ ‘वसवली’ जाते. विक्रेता बाजारात ‘बसतो’. या क्रियापदांपैकी एकाचाही संबंध इमारतीशी नाही. बाजार ही मूलतः काळात घडणारी गोष्ट आहे, ठरावीक वेळी ठरावीक माणसे एका जागी येऊन बसण्याची, याची जाणीव भाषेने जपून ठेवली आहे. इंग्रजी अमदानीत बाजाराला छप्पर, मनोरा आणि कमानी मिळाल्या आणि तेव्हापासून बाजार म्हणजे वास्तू, ही समजूत सुशिक्षित वर्गात रुजत गेली. गेल्या दोन-तीन दशकांत जुन्या बाजारपेठांच्या ‘पुनर्रचने’चे, ‘सुशोभीकरणा’चे आणि ‘लोकाभिमुख रस्त्यां’चे जे प्रकल्प देशभर हाती घेण्यात आले, ते बहुतांशी याच समजुतीवर उभे आहेत. त्यांच्या आराखड्यांत ‘लोक’ हा शब्द पानोपानी येतो. मात्र हे लोक नेमके कोण, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. प्रस्तुत लेखात या प्रश्नाची चिकित्सा केली आहे.

या चिकित्सेसाठी मीरा-भाईंदरचा संदर्भ घेण्यामागे एक कारण आहे. पुण्या-मुंबईतल्यासारखी मनोऱ्याची मंडई या शहराच्या वाट्याला आलेली नाही. १९८५ साली भाईंदर, मिरा, काशी, नवघर आणि घोडबंदर या पाच ग्रामपंचायती एकत्र करून येथे नगरपरिषद स्थापन झाली. १९९० साली राई-मुर्धे, डोंगरी, उत्तन आणि वरसावे यांची तीत भर पडली. २००२ साली महानगरपालिका अस्तित्वात आली. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ८,०९,३७८ इतकी नोंदली गेली. इतक्या अल्पावधीत वाढलेल्या शहराला ऐतिहासिक बाजारपेठ कोठून असणार, असे कोणासही सहज वाटेल. परंतु ‘ऐतिहासिक’ या शब्दाचा अर्थ वास्तूपुरता मर्यादित मानला तरच हे वाटणे योग्य ठरते.

पेठ आणि कौल

मराठेशाहीत नवी पेठ वसवायची तर प्रथम कौल दिला जाई. व्यापारी, कारागीर आणि उदमी यांनी येऊन वस्ती करावी म्हणून काही वर्षे करांत सूट मिळे आणि पेठेचा कारभार शेटे-महाजनांकडे सोपवला जाई. येथे क्रम लक्षात घेण्यासारखा आहे. आधी माणसांना अभय आणि सवलत, मग वस्ती, मग व्यवहार. बांधकाम त्यामागून आपापल्या ऐपतीप्रमाणे. पुण्याच्या अनेक पेठांची नावे वारांवरून पडली आहेत. म्हणजे नावातही जागेपेक्षा काळच आधी येतो. या व्यवस्थेचे उदात्तीकरण करण्याचे कारण नाही. तीत जातीची उतरंड होती, वतनदारांची मिजास होती आणि कोणी कोठे बसावे याचे निर्णय समतेच्या तत्त्वावर होत नसत. तरीही बाजार वसवणे म्हणजे बसणाऱ्याला हमी देणे, ही एक गोष्ट तिच्यात स्पष्ट होती. पुढच्या काळात छप्पर पक्के झाले आणि हमी मात्र कच्ची होत गेली.

दगडातला शेतकरी

गोविंद नारायण माडगांवकर यांचे ‘मुंबईचे वर्णन’ १८६३ साली प्रसिद्ध झाले, तेव्हा क्रॉफर्ड मार्केटची इमारत उभी राहिलेली नव्हती. ती पूर्ण झाली १८६९ साली. मुंबईचे पहिले म्युनिसिपल कमिशनर आर्थर क्रॉफर्ड यांचे नाव तिला मिळाले. वास्तुरचना विल्यम इमर्सन यांची. दर्शनी भागावरील शिल्पपट्ट लॉकवुड किपलिंग यांचे. या शिल्पपट्टांत हिंदुस्थानी शेतकरी काम करताना कोरलेले आहेत. बाजाराच्या दारावर शेतकऱ्याला दगडात जागा मिळाली. त्याच दारातून माल घेऊन येणाऱ्या जिवंत शेतकऱ्याला आत बसण्याचा कोणता हक्क मिळाला, हा प्रश्न शिल्पाच्या सौंदर्यचर्चेत सहसा उपस्थित होत नाही. पुढे या मंडईलाही महात्मा जोतीराव फुले यांचे नाव देण्यात आले, ही बाब पुण्याच्या संदर्भात पुन्हा पाहावी लागेल.

मुंबईत १९९५ साली वारसा नियमावली लागू झाली आणि ही वास्तू प्रथम श्रेणीत गणली गेली. त्यानंतर अवघ्या एका वर्षात, १९९६ साली, येथील फळांचा घाऊक व्यापार नवी मुंबईत हलवण्यात आला. वास्तूला संरक्षण मिळण्याचा आणि व्यापाराचा मुख्य प्रवाह तिच्याबाहेर जाण्याचा काळ असा एकच आहे. या दोहोंत कार्यकारणसंबंध आहे असे नव्हे. मालमोटारींचा ताण दक्षिण मुंबईच्या रस्त्यांना पेलवत नव्हता आणि घाऊक बाजार हलवणे हा अव्यवहार्य निर्णय म्हणता येणार नाही. किरकोळ विक्री तेथे आजही चालू आहे. मुद्दा आहे तो संरक्षणाच्या व्याख्येचा. ज्या नियमावलीने कमानीचा एक दगड हलवायलाही परवानगी लागेल अशी तजवीज केली, तिच्यात त्या कमानीखाली चालणाऱ्या व्यवहाराविषयी एक अक्षरही असण्याची गरज भासली नाही. २००० च्या दशकात खासगी विकसकाच्या सहभागाने या परिसराच्या पुनर्विकासाचा प्रस्ताव पुढे आला. त्याला विरोध झाला आणि पुढे महानगरपालिकेने जतन-दुरुस्तीचा मार्ग पत्करला. हा विरोध स्वागतार्हच होता; परंतु त्याचा जोरही ‘वास्तू वाचवा’ यावरच अधिक होता.

असे अन्यत्रही घडले आहे. पॅरिसचा ‘ले आल’ हा मध्यवर्ती बाजार १९६९ साली शहराबाहेर रँजिस येथे गेला आणि १९७१ साली त्याचे लोखंडी मंडप पाडण्यास प्रारंभ झाला. लंडनचा कॉव्हेंट गार्डन बाजार १९७४ साली नाईन एल्म्स येथे हलला. तेथील जुनी इमारत मात्र वाचवण्यात आली आणि १९८० साली दुकाने व उपाहारगृहांसाठी खुली झाली. जतनाच्या चर्चेत पहिले उदाहरण अपयशाचे आणि दुसरे यशाचे म्हणून सांगितले जाते. भाजी विकणाऱ्याच्या दृष्टीने पाहता दोहोंचा परिणाम एकच आहे. पॅरिसमध्ये बाजार गेला आणि इमारतही गेली. लंडनमध्ये बाजार गेला आणि इमारत राहिली, एवढाच काय तो फरक.

फुले यांचा आक्षेप

पुण्याची भाजी मंडई पूर्वी शनिवारवाड्यासमोरच्या पटांगणात उघड्यावर भरत असे. तिच्यासाठी शुक्रवार पेठेत पक्की इमारत बांधण्याचे नगरपालिकेने ठरवले तेव्हा जोतीराव फुले नगरपालिकेचे सदस्य होते. १८७६ ते १८८२ हा त्यांच्या सदस्यत्वाचा काळ. लाखो रुपये मंडईच्या इमारतीवर घालण्याऐवजी तो पैसा सामान्य जनांच्या शिक्षणावर खर्च व्हावा, अशी भूमिका घेऊन त्यांनी या खर्चाला विरोध केला. विरोध मानला गेला नाही. १८८६ साली मुंबईचे तत्कालीन गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावाने ‘रे मार्केट’ सुरू झाले. पुढे आचार्य अत्रे पुणे नगरपालिकेत असताना त्यांच्या पुढाकाराने त्याच वास्तूला महात्मा फुले मंडई हे नाव मिळाले. ज्या वास्तूच्या खर्चाला ज्याने विरोध केला, तिलाच त्याचे नाव लाभावे, हा योगायोग पुण्यात चवीने सांगितला जातो आणि तेथेच सोडून दिला जातो. वस्तुतः त्यात विचार करण्याजोगे बरेच आहे.

फुले यांचा आक्षेप बाजाराला नव्हता. माळी समाजात जन्मलेल्या आणि शेतमालाच्या व्यवहाराची बारीक जाण असलेल्या माणसाला बाजार नको होता, असे समजणे हास्यास्पद ठरेल. १८८३ साली सिद्ध झालेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात शेतकऱ्याचा पैसा कोणकोणत्या वाटांनी त्याच्या हातून निसटतो याचे जे विवेचन आहे, ते लक्षात घेता मंडईविषयीचा आक्षेप प्राधान्याविषयीचा होता असे म्हणावे लागते. सार्वजनिक पैशातून काही उभे राहत असेल तर त्याचा पहिला लाभ कोणाला, हा त्यामागचा प्रश्न होता. नागरी पुनर्रचनेच्या आजच्या प्रकल्प-अहवालांत याच प्रश्नासाठी एक स्वतंत्र प्रकरण असावयास हवे. बहुतेक अहवालांत दिव्याच्या खांबांच्या नमुन्यांना त्याहून अधिक पाने मिळतात.

येथे न्यायाची दुसरी बाजूही मांडली पाहिजे. मंडईची इमारत वाईट नाही. किंबहुना ती असामान्य आहे. मधला अष्टकोनी मनोरा आणि त्याच्यापासून फुटलेल्या भुजा यांमुळे हवा खेळती राहते आणि कोणत्याही बाजूने आत येता येते. उंच ओट्यावर बसलेली विक्रेती आणि उभे गिऱ्हाईक यांची नजर जवळजवळ समपातळीत येते. हा तपशील लहान दिसला तरी त्याचे मोल मोठे आहे. जमिनीवर बसलेल्या माणसाशी वाकून, वरून बोलले जाते. ओट्यावर बसलेल्याशी समोरासमोर बोलावे लागते. इमारतीने विक्रेत्याला प्रतिष्ठा दिली असेल तर ती मनोऱ्याने नव्हे, या ओट्याने दिली. अर्थात ओट्याला क्रमांक असतो आणि क्रमांकाला भाडे असते. त्यामुळे क्रमांक ज्यांना मिळाला नाही ते बाहेर बसू लागले. पक्क्या मंडईभोवती उघड्या मंडईचे कडे तयार होणे, ही महाराष्ट्रातल्या जवळपास प्रत्येक मंडईची कथा आहे. आतला अधिकृत आणि बाहेरचा अतिक्रमक, ही विभागणी छपराने निर्माण केली, हे विसरले जाते.

पुण्याच्या मंडईने भाजीखेरीज आणखीही बरेच पिकवले. लोकमान्य टिळकांचा पुतळा १९२४ साली मोतीलाल नेहरूंच्या हस्ते येथेच उभारला गेला. ‘मंडई विद्यापीठ’ हा शब्दप्रयोग येथील राजकीय चर्चांमुळे रूढ झाला. जवळच १९१५ साली सुरू झालेले ‘आर्यन’ चित्रपटगृह होते. ते १९८३ साली बंद झाले आणि त्या जागी वाहनतळ आला. त्याचे नाव मात्र ‘आर्यन’च राहिले. पुण्यातील सार्वजनिक जागांचा इतिहास एका वाक्यात सांगायचा झाल्यास हे उदाहरण पुरेसे आहे. जेथे माणसे बसत, तेथे आता मोटारी बसतात.

सप्टेंबर २०२४ मध्ये जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा भुयारी मेट्रोमार्ग सुरू झाला आणि मंडईला स्वतःचे स्थानक मिळाले. त्याआधी, २०२१ पासून, ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्त्याचा काही भाग वाहनांसाठी बंद ठेवून पुणे महानगरपालिका ‘पादचारी दिन’ साजरा करू लागली. महानगरपालिकेने २०१६ साली पादचारी धोरण स्वीकारले होते, त्याचा हा दृश्य आविष्कार. उपक्रम चांगला आहे. परंतु सणासारखा साजरा होणारा एक दिवस आणि उरलेले ३६४ दिवस यांच्यात जे अंतर आहे, त्याचे मोजमाप कोणी करत नाही. शिवाय त्या दिवसाचा नायक चालणारा आहे. भल्या पहाटे टेम्पोतून पोती उतरवणारा हमाल, पाटी डोक्यावर घेऊन येणारी पालेभाजीवाली किंवा तुळशीबागेतला पथारीवाला हे त्या चित्रात कोठे बसतात, हे स्पष्ट होत नाही. ज्या शहरात डॉ. बाबा आढाव यांच्या पुढाकाराने हमाल पंचायत उभी राहिली आणि ज्या राज्याने १९६९ साली माथाडी व हमालांसाठी स्वतंत्र कायदा केला, तेथे बाजाराच्या आराखड्यातून हमाल अदृश्य व्हावा, हे विस्मयकारक आहे.

चालणारा आणि बसणारा

या अदृश्यतेचे मूळ शोधू गेल्यास ते आपल्या नियोजनाने बाहेरून घेतलेल्या विचारव्यूहात सापडते. डॅनिश वास्तुविद यान गेल यांचा ‘लाइफ बिट्वीन बिल्डिंग्ज’ हा ग्रंथ मूळ डॅनिशमध्ये १९७१ साली आणि इंग्रजीत १९८७ साली आला. कोपनहेगनमधील ‘स्ट्रॉयेट’ हा मुख्य बाजाररस्ता १९६२ साली मोटारींसाठी बंद झाला होता. त्याचे निरीक्षण गेल यांनी पुढे वर्षानुवर्षे केले. घराबाहेरील व्यवहारांचे आवश्यक, ऐच्छिक आणि सामाजिक असे तीन वर्ग ते करतात. आवश्यक व्यवहार परिसर कसाही असला तरी घडतात. ऐच्छिक व्यवहार परिसर चांगला असेल तरच घडतात. म्हणून ऐच्छिक व्यवहार किती, यावरून जागेची गुणवत्ता ओळखावी, असा त्यांच्या मांडणीचा आशय आहे. मोटारीच्या आहारी गेलेल्या युरोपीय शहरांना या विचाराने शुद्धीवर आणले, हे त्याचे श्रेय निर्विवाद आहे.

तथापि हीच कसोटी आपल्या बाजाराला लावली असता तिची मर्यादा उघड होते. दिवसाचे दहा-बारा तास एका जागी बसणाऱ्या मासळीवालीचा व्यवहार हा आवश्यक वर्गातला आहे. जागा उन्हाची असो, चिखलाची असो, ती बसणारच. मग ज्या सिद्धान्तानुसार आवश्यक व्यवहार परिसराच्या गुणवत्तेवर फारसा अवलंबून नसतो, त्या सिद्धान्तावर बेतलेला आराखडा तिच्यासाठी काही करण्याची शक्यता कमीच. तिचे बसणे गृहीत धरले जाते, म्हणून त्याची रचना होत नाही. आणि रचना होत नाही, म्हणून ते पुढे अडथळा ठरते. बाकडे येते ते खरेदी करून दमलेल्या गिऱ्हाइकासाठी. सावलीचे झाड येते ते चालणाऱ्यासाठी.

याउलट अमेरिकन निरीक्षक विल्यम व्हाइट यांच्या १९८० सालच्या अभ्यासात बसण्याला मध्यवर्ती स्थान आहे. जेथे बसायला जागा असते तेथे लोक बसतात, हा न्यूयॉर्कच्या चौकांच्या निरीक्षणातून निघालेला त्यांचा निष्कर्ष वरवर बाळबोध वाटतो. त्यांनी रस्त्यावरील खाद्यविक्रेत्याला चौकाचा शत्रू न मानता चौक जिवंत ठेवणारा घटक मानले, हे मात्र बाळबोध नाही. आपल्याकडील अनेक आराखड्यांत व्हाइट यांचे नाव असते आणि त्यांचा विक्रेता नसतो.

दिल्लीच्या चांदणी चौकाचे उदाहरण येथे उद्बोधक ठरते. लाल किल्ला ते फतेहपुरी मशीद हा सुमारे १.३ किलोमीटरचा रस्ता नव्याने रचला गेला आणि २०२१ साली खुला झाला. सकाळी ९ ते रात्री ९ या वेळात मोटारींना बंदी, रुंद पदपथ, लालसर दगडी फरसबंदी, बसण्यासाठी ओटे. मोटारींच्या गर्दीत श्वास कोंडलेल्या रस्त्याला मोकळीक मिळाली, हे मान्य केलेच पाहिजे. मात्र त्याच पट्ट्यात फेरीवाल्यांना मज्जाव करण्यात आला. रस्ता माणसांसाठी झाला आणि त्यावर पिढ्यान्‌पिढ्या बसणारी माणसे माणसांच्या व्याख्येबाहेर गेली. येथे दोष दगडाचा किंवा रेखाटनाचा नाही. ‘लोक’ या शब्दाचा अर्थ ग्राहक, पर्यटक आणि पादचारी इतकाच करणाऱ्या दृष्टीचा तो दोष आहे.

विक्रेत्याची बाजू घेताना भाबडेपणाही टाळावयास हवा. पदपथ पूर्ण व्यापला गेला की चाकाच्या खुर्चीवरील व्यक्ती, बाळाला कडेवर घेतलेली स्त्री, वृद्ध यांना वाहनांच्या मधून चालावे लागते. अग्निशमनाचा बंब अडतो. बैठकीच्या जागा पोटभाड्याने दिल्या जातात आणि प्रत्यक्ष बसणारा वेगळा, कमावणारा वेगळा, असेही घडते. हे प्रश्न खरे आहेत. पण ते रचनेचे आणि नियमनाचे प्रश्न आहेत; हकालपट्टीने ते सुटत नाहीत, केवळ पुढच्या गल्लीत सरकतात. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ सालच्या सोदान सिंग प्रकरणात पदपथावरील विक्रीला व्यवसाय-स्वातंत्र्याच्या कक्षेत, वाजवी निर्बंधांच्या अधीन राहून, स्थान दिले होते. निर्बंध वाजवी कोणते, हे ठरवण्याचे काम कायदेमंडळाने हाती घेण्यास मात्र पुढे २५ वर्षे लागली.

पन्नास वर्षांची अट

२०१४ साली संसदेने पथविक्रेता (उपजीविका संरक्षण व पथविक्री विनियमन) अधिनियम संमत केला. या कायद्याकडे आपल्या विद्यापीठीय वर्तुळात कामगार-कल्याणाचा कायदा म्हणून पाहिले जाते. तो वारसा-संरक्षणाचाही कायदा आहे, ही बाब दुर्लक्षित राहिली आहे. विक्रेते आणि ग्राहक परंपरेने जेथे एकत्र येतात त्या जागेला तो ‘नैसर्गिक बाजार’ म्हणतो आणि सर्वेक्षणात आढळलेला असा बाजार विक्री-निषिद्ध क्षेत्र ठरवू नये असे सांगतो. त्याच्या दुसऱ्या अनुसूचीत याहून महत्त्वाची तरतूद आहे. जेथे विक्रेत्यांनी ५० वर्षांहून अधिक काळ व्यवसाय केला आहे, तो बाजार वारसा-बाजार म्हणून घोषित करावा आणि तेथील विक्रेत्यांना अन्यत्र हलवू नये. १९९५ च्या मुंबईच्या नियमावलीने वारसा दगडात शोधला. २०१४ च्या कायद्याने तो बसण्याच्या सातत्यात शोधला. कौल देऊन पेठ वसवणाऱ्यांना ही दुसरी व्याख्या अधिक ओळखीची वाटली असती.

या तरतुदीने मीरा-भाईंदरसारख्या शहराचा प्रश्न मुळापासून बदलतो. आज ५० वर्षांची अट पूर्ण करणारा येथील कोणताही बाजार हा १९८५ साली स्थापन झालेल्या नगरपरिषदेहून, म्हणजे ज्या संस्थेने त्याला मान्यता द्यावयाची तिच्याहून, वयाने मोठा असणार. उत्तन, पाली, चौक या कोळीवाड्यांतील मासळी आणि सुके बोंबील, मिठागरांचे मीठ, वसई पट्ट्यातून रेल्वेने येणारी भाजी व फुले, यांवर या भागाचा जुना व्यवहार पोसला गेला. गावठाणांच्या वाटा आणि रेल्वे स्थानकाचा परिसर ही त्या व्यवहाराची स्वाभाविक ठिकाणे. इमारतींच्या दाटीत आज हे बाजार ‘अतिक्रमण’ म्हणून नजरेस येतात, कारण इमारती नकाशावर आधी उमटल्या. वस्तुतः बसणाऱ्यांच्या मागून इमारती आल्या की इमारतींच्या मागून बसणारे, हे प्रत्येक ठिकाणी तपासून पाहावे लागेल.

स्थानक-परिसराचा तिढा अधिक कठीण आहे. २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर चेंगराचेंगरी होऊन २३ जणांचा मृत्यू झाला. त्यानंतर १ नोव्हेंबर २०१७ च्या निकालात मुंबई उच्च न्यायालयाने रेल्वे स्थानकांपासून १५० मीटरच्या आत फेरीवाल्यांना मनाई असावी, असे ठरवले. हा निकाल मुंबईच्या संदर्भातला असला तरी संपूर्ण महानगर प्रदेशातील प्रशासकीय विचारावर त्याची छाया पडली. उपनगरी रेल्वेच्या पट्ट्यात बाजार स्थानकाभोवतीच भरतो, कारण घरी परतणाऱ्या नोकरदाराच्या वाटेवर, त्याच्या हातातल्या पिशवीच्या मापाने तो घडला आहे. ‘नैसर्गिक बाजार’ जेथे असण्याची शक्यता सर्वाधिक, नेमके तेच वर्तुळ निषिद्ध ठरते. जीवितरक्षणाचा आग्रह आणि उपजीविकेचा हक्क यांतील हा संघर्ष एका आकड्याने मिटणारा नाही. १५० मीटरमधील प्रत्येक मीटर सारखा नसतो. जिन्याच्या तोंडाशी बसणे आणि त्याच वर्तुळातील रुंद रस्त्याच्या कडेला बसणे यांत जो फरक आहे, तो होकायंत्राला नव्हे तर पाहणाऱ्याच्या डोळ्याला दिसतो.

असे पाहणे म्हणजे काय, हे थोडे तपशिलात सांगितले पाहिजे. बाजाराचा नकाशा दिवसातून किमान तीनदा काढावा लागतो. पहाटे माल उतरतो तेव्हा रस्ता वाहनाचा आणि हमालाचा असतो. दुपारी तो जवळजवळ रिकामा असतो. सायंकाळी गाड्यांच्या वेळापत्रकाप्रमाणे लाटांनी भरतो. तो ऋतूनुसारही बदलतो. पावसाळ्यातील मासेमारी-बंदीच्या काळात ओल्या मासळीच्या जागी सुकी मासळी येते आणि पाण्याची गरज घटून छपराची वाढते. मासळीवालीला लागते ते वाहते पाणी, उतार असलेली फरशी, मासे कापण्यासाठी कंबरेच्या उंचीचा ओटा, बर्फाची पेटी रात्री ठेवण्याची जागा आणि चालत पाच मिनिटांच्या आत स्त्रियांसाठी स्वच्छतागृह. शेवटची गरज आराखड्यात सहसा ‘सार्वजनिक सुविधा’ या शीर्षकाखाली कोपऱ्यात ढकलली जाते आणि म्हणून बारा तास बसणाऱ्या स्त्रिया दिवसभर पाणी पिणे टाळतात. ग्रॅनाइटच्या फरसबंदीविषयीही असेच. ती छायाचित्रात देखणी दिसते. मासळीच्या पाण्याने निसरडी होते आणि उन्हात तापते.

कायद्यानुसार नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी आपल्यातून निवडून द्यावयाचे असतात आणि त्यांत एक तृतीयांश स्त्रिया असाव्या लागतात. ही तरतूद रचनाकारासाठी अडचण नसून माहितीचा सर्वांत विश्वसनीय स्रोत आहे. ओटा किती उंच हवा, हे वास्तुशास्त्राच्या कोष्टकापेक्षा ओट्यावर आयुष्य काढलेली स्त्री अचूक सांगते.

राहिला पुराव्याचा प्रश्न, आणि येथे महाविद्यालयांचा संबंध येतो. ५० वर्षे बसल्याचा पुरावा कोणाकडे असतो? परवाना नव्हता, तर तो दाखवणार कसा? मुंबई ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ नुसार ग्रामपंचायतींना बाजार व आठवडे बाजार यांवर फी आकारण्याचा अधिकार होता. फी घेतली असेल तेथे पावती असेल, पावती असेल तेथे स्थळप्रत असेल, आणि स्थळप्रतीवर तारीख व बाजाराचे ठिकाण असेल. पाच आणि चार अशा नऊ ग्रामपंचायतींचे दप्तर विलीनीकरणानंतर नव्या कार्यालयांत आले असले पाहिजे. त्याच्या जोडीला सत्तरी ओलांडलेल्या विक्रेत्यांच्या मुलाखती, जुनी छायाचित्रे, चर्चच्या आणि देवस्थानांच्या जत्रांच्या नोंदी यांचा आधार घेता येतो. इतिहास, भूगोल, अर्थशास्त्र आणि मराठी या चार विभागांना मिळून एका शैक्षणिक वर्षात करता येईल असे हे काम आहे. पदव्युत्तर प्रकल्पांचे विषय ठरवताना ‘नागरीकरणाच्या समस्या’ हे शीर्षक वर्षानुवर्षे फिरत राहते. त्याऐवजी एखाद्या विद्यार्थ्याला एका बाजाराच्या फी-पावत्यांचे पुस्तक शोधायला पाठवणे अधिक फलदायी ठरेल. विक्रेत्यांचे सर्वेक्षण कायद्याप्रमाणे दर पाच वर्षांनी व्हावयाचे असते. पहिल्या पिढीच्या विक्रेत्या दर सर्वेक्षणात कमी होत जाणार, आणि त्यांच्या आठवणीला दुजोरा देणारी ती पुस्तके कोणत्या कपाटात, कोणत्या ओलीत पडून आहेत, हे अद्याप पाहावयाचे आहे.